एकोणीस नंबरचं बीळ

३ मार्च
सशांची बिळं मोजून कुणाचं भलं होतं? आईनं फोनवर विचारलं. वर म्हणाली, एवढं शिकून बिळंच मोजायची होती, तर आपल्या मोरीतल्या घुशी काय वाईट होत्या? खूप हसले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे काम!
पण इथं छान आहे. ब्राउनश्वाइग या जर्मन शहरापासून तासाभरावर मेंढ्यांचं कुरण, कडेला माझी लाकडी खोली. एक दार, एक खिडकी.

५ मार्च
पद्धत सोपी. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी दोन काड्या फुलीसारख्या रोवायच्या. सकाळी पडल्या असतील तर आत वस्ती. लागोपाठ तीन सकाळी उभ्या, तर बीळ रिकामं. मग मेंढपाळ ल्युडर्स ते मातीनं बुजवतात, नाहीतर मेंढ्यांचे पाय मोडतात. त्यांनी बजावलंय, घाई नको. आतले कधी कधी भीतीनंच बाहेर पडत नाहीत.

९ मार्च
एकोणीस नंबरच्या काड्या दोन सकाळी उभ्या होत्या. आज पाऊस, गेले नाही. तक्त्यात 'उभ्या' लिहून टाकलं. दुपारी ल्युडर्सनी ते बुजवलं.

११ मार्च
झोप लागेना, म्हणून त्यांना खरं सांगितलं. त्यांनी बीळ उकरलं. आत मादी आणि चार पिल्लं, गार पडलेली. मादीची नखं मुळापर्यंत झिजली होती.
"आल्झो, म्हणजे ती आत होती," ते एवढंच म्हणाले.

१३ मार्च
सकाळी दार ढकललं तर काहीतरी पडलं. उंबऱ्याबाहेर दोन काड्या, फुलीसारख्या. ल्युडर्स म्हणाले, मी नाही. ते आज मुलीकडे म्युनिकला गेले.

१४ मार्च
पुन्हा काड्या. टोकं दातांनी कुरतडलेली. ओल्या मातीत माणसाचं पाऊल नाही. कुरणभर प्रत्येक बिळाच्या तोंडाशी ससे बसलेत, माझ्या दाराकडे बघत.
ठरवलं. तीन सकाळी बाहेर पडायचं नाही. खोली रिकामी वाटली की जातील.

१६ मार्च
दुसरी सकाळ. दाराच्या फटीतून काड्या दिसतात — उभ्या आहेत. फोन लागत नाही. जमिनीखाली खरवडणं —

१७ मार्च
घड्याळात नऊ. उजाडलंच नाही. खिडकीला हात लावला — काचेपलीकडे माती. दारही हलत नाही.
रिकामं बीळ — तीन सकाळी —
मी उघडलं नाही. एकदाही नाही. ठरवलं तसंच केलं. आता नखं —