मांजराची निर्दोष सुटका

प्रिय वहिनी,

तुला वाकून नमस्कार (गुडघ्यांचं शेवटी लिहिते). दादाला अर्धाच, कारण माझ्या गेल्या पत्राला त्यानं उत्तर दिलेलं नाही. तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?

तर वहिनी, गुन्हेगार सापडला. तुझ्याकडे जेवले की संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर पित्त उठायचं, ओठ सुजायचे, आणि मी तुझ्या मांजराकडे बोट दाखवायची. तू बिचारीनं त्या मांजर बाईसाहेबांना कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे धाडलंस. पुढच्या खेपेला पुन्हा पित्त. मग मी उशीला नावं ठेवली, मग साबणाला. तू दोन्ही बदललंस, आणि ‘वन्सं किती वाळल्यात!’ म्हणत आणखी मोठा मासा आणलास.

गेल्या महिन्यात शेजारणीनं माशाचे दोन तुकडे दिले आणि पित्त माझ्याच घरी उठलं. इथे ना तुझं मांजर, ना तुझी उशी! (एरवी मी घरी मासे करत नाही. साफ करून द्यायचे ते हे; आता ती सुरी हातात घ्यावीशी वाटत नाही.) तडक डॉक्टरीणबाई गाठली. तिनं माझ्या हातावर पेनानं आकडे घातले, प्रत्येकापाशी एकेक थेंब टाकून सुई टोचली, आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही म्हणाली. मिशनच्या शाळेत सिस्टर तोंडावर बोट ठेवून बसवायच्या, ते शिक्षण इतक्या वर्षांनी कामी आलं. माशाचा थेंब गप्प. मांजराचा (हा मी हट्टानं टाकायला लावला) तोही गप्प. शेवटचा मात्र शर्टाच्या बटणाएवढा फुगला.

“मावशी, मासा नाही, माशातली अळी!”

“अगं, पण मी शिजवूनच खाते!”

“शिजून मेली तरी तिचा अंश उरतो. तुमच्या अंगाला तोच चालत नाही.”

म्हणजे आपल्या थोरल्या आत्यासारखंच. जाऊन वीस वर्षं झाली, तरी दरारा कायम. रक्त तपासलं, त्यातही तेच निघालं. मी अळीचं चित्र मागून घेतलं. सुतासारखी, वेटोळं घालून बसलेली. शाळेत गांडूळ बघून बाकाखाली शिरणारी मी, चष्मा लावून किती वेळ बघत बसले. ती म्हणे देवमाशाच्या पोटात संसार थाटायला निघालेली असते. एवढ्या मोठ्या घरी निघाली आणि पोचली माझ्याकडे! तिचीही निराशाच झाली असणार.

आता समुद्रातला मासा कायमचा बंद. रडू आलं, पण थोडंच.

तुझी,
वन्सं

ता. क. माझे गुडघे ठणठणीत आहेत. तीन वर्षं त्यांचं निमित्त सांगून आले नाही, ती पित्ताच्या भीतीनं. खरं सांगितलं असतं, तर तू घरातलं आणखी काय काय बाहेर काढलं असतंस कोण जाणे.

ता. क. २ रविवारी येते. त्याआधी शिंपिणीकडून बाईसाहेबांना मागून आण, आणि मासा नेहमीएवढाच आण. माझ्या वाटणीचा तिला घाल. मी शेजारी बसून बघेन.