चौदा चित्रं आणि एक चौकोन

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
ठरलं. रविवारी मी आणि मुलगी दिवसभर बाहेर. (वय नऊ. डॉक्टरांच्या कागदावर ऑटिस्टिक, घरात बाईसाहेब.) बायकोला ऑफिसकडून पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आलंय, परगावी. मी एकटा सांभाळू शकतो हे एकदा दिसलं की ती निर्धास्त जाईल. ती म्हणाली, बघ बाबा. म्हणजे हो.

मंगळवार, ५ मार्च
शाळेतल्या बाई म्हणतात, बाहेर नेण्याआधी तीन-चार चित्रं दाखवा, काय काय होणार ते. मी चौदा काढली. बस, बाग, बाक, बदक वगैरे. बदक थोडं बुटासारखं आलंय. भाव पोचतो.

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळ
ते वाक्य आज परत. बाथरूममधून. आधी घसा खाकरते, दोनदा, मग जाड आवाजात, "माहीत नाही हो. कुणाची आहे, बघा." कुठलंही वाक्य उचलते आणि महिनोन्‌महिने जसंच्या तसं म्हणते. हे डिसेंबरपासूनचं. टीव्हीवरच्या मालिकेतलं असणार. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, असेल. आपला टीव्ही नोव्हेंबरपासून बंद आहे, हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

गुरुवार, ७ मार्च
चित्रं दाखवली. तिने तेरा पालथी घातली, बस ठेवली. मग एका कोऱ्या कार्डावर पेन्सिलीने स्वतः काढलं. उभा चौकोन, मधोमध उभी रेघ. कपाट. कपाटात रस वाटणं ही प्रगतीच. कार्ड माझ्या खणात तळाशी ठेवलं. का, ते माहीत नाही. नीट राहावं म्हणून.

शुक्रवार, ८ मार्च
कार्ड जेवणाच्या टेबलावर. परत खणात.
बायकोने आज मध्येच विचारलं, डिसेंबरमध्ये त्या पाच मजली दुकानात नेमकं काय झालं होतं. सांगितलं की गर्दीत चार मिनिटं हात सुटला. खरंच एवढंच. बाकीचे नुसते तपशील.

शनिवार, ९ मार्च. दुपार
कार्ड माझ्या बुटात.
निर्धार. एक, आवाज चढवायचा नाही. दोन, लोक बघतात तिकडे बघायचं नाही. तीन, त्या दुकानाच्या वाटेला जायचं नाही. बसही त्या बेतानेच निवडली आहे.

रविवार, १० मार्च. सकाळी ९.४०, बसमध्ये
उत्तम. तिच्या कानावर हेडफोन, माझ्या बाहीचं बटण तिच्या बोटांत, एकाच दिशेने फिरतंय. मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, मुलीला बरं नाही का. बघितलं नाही. कलम दोन.

१०.१५
रस्ता खोदलाय. बस वळवली. ड्रायव्हर म्हणाला, पुढे जात नाही, उतरून घ्या. उतरलो. समोर पाच मजले.

११.३०, दुकानातल्या बाकावर
ती थेट लिफ्टपाशी गेली. मिटलेलं दार, मधोमध रेघ. कार्डावरचं ते कपाट नव्हतं.

डिसेंबरमध्ये ती इथेच फरशीवर पडून किंचाळत होती, कारण दार तिला न घेता मिटलं. सगळा मजला बघत होता. लिफ्टमनने विचारलं, कुणाची मुलगी ही? मी दोनदा घसा खाकरला आणि म्हणालो, माहीत नाही हो. कुणाची आहे, बघा. मग खांबामागे जाऊन उभा राहिलो. चार मिनिटं.

आज तोच लिफ्टमन. तिला बघून म्हणाला, अरे, या या. त्या दिवशी घ्यायला कुणी येईचना हिला, पाच फेऱ्या मारल्या मी हिला घेऊन, तेव्हा कुठे शांत झाली. वर-खाली पाच फेऱ्या चार मिनिटांत होत नाहीत. मग मला म्हणाला, साहेब, तुम्ही हिचे कोण?

मी तोंड उघडायच्या आत तिने घसा खाकरला. दोनदा. पूर्ण वाक्य. माझ्या आवाजात.

लिफ्टमन माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, या आत, जागा आहे.

दार मिटल्यावर मी म्हणालो, बाप. आत आम्ही तिघंच होतो.

संध्याकाळी ५.३०, घर
दिवस नव्वद टक्के यशस्वी. सत्तावीस फेऱ्या. ती हसत होती. बदकं पुढच्या वेळी. बायकोला म्हणालो, तू बिनधास्त जा ट्रेनिंगला. ती म्हणाली, ते तर मी मागच्याच महिन्यात नाही म्हणून कळवलं. मग आजचा दिवस कशासाठी? म्हणाली, झोपायचं होतं रे. छान झोप लागली.

म्हटलं, आता डिसेंबरचं सांगूनच टाकू. सुरुवात केली. ती चादरीची घडी घालत होती. म्हणाली, राहू दे. घसा कोण खाकरतं असा, ते मला कळत नाही का? पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक टोक धर.

धरलं.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ७
उठल्यापासून मुलीसमोर "माझी आहे" अकरा वेळा म्हणालो. न खाकरता. अजून उचललं नाही. वेळ लागतोच अशा गोष्टींना.

७.२५
बाथरूममधून खाकरणं. एकदा. दोनदा. आम्ही दोघं चहाचे कप हातात घेऊन थांबलो. पुढचं वाक्य येईना. आतही कुणी थांबल्यासारखं वाटत होतं. बायको हळू म्हणाली, जा, तूच बोल.

दाराशी गेलो. माझी आहे, म्हणालो.

आतून कडी लागली.