सीझरचं भाषण आणि तुझी शोकसभा

प्रिय नंदा,

उद्या शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा आहे आणि मला भाषण करायचंय. तुझ्यावर! बावीस वर्षं घरात तू बोलायचीस, मी ऐकायचो. भाषण लिहायला कागद घेतला आणि हे पत्रच सुरू झालं.

तू इतिहासाची बाई, मी आनंदनगरच्या कारखान्यात लेथवर उभा राहून वर आलेला, आता वॉर्डातून निवडणूक लढू पाहणारा. हेंद्रेपाड्याच्या घरात गवार मोडता मोडता तू मला सीझर सांगितलास. मिसरूड फुटतंय तोच बाप गेलेला पोरगा! माझंही तसंच, म्हणून मी कान टवकारले. रोमचा सत्ताधीश सुल्ला म्हणाला, "बायकोला सोड." हा तापानं फणफणत रोज घर बदलून लपला, पण कॉर्नेलियाला सोडलं नाही.

"याला म्हणतात नवरा!" मी म्हणालो.

"अहो, पुढचं तर ऐका!"

पुढे ती तरुणपणीच गेली. बाई वारली की चौकात तिच्यावर भाषणं व्हायची ती म्हाताऱ्या बायकांसाठी, तरुण बाईसाठी रोममध्ये तशी रीत नव्हती. यानं केलं. लोक हळहळले, केवढा मायाळू माणूस म्हणाले, आणि गडी एकेक पद चढत गेला.

"खरंच रडला, की मतांसाठी?" मी विचारलं.

"दोन्ही असेल. त्याचं त्यालाही कळलं नसेल."

तेव्हा मी हसलो होतो गं.

माझे कान किती तिखट ते तुला ठाऊकच आहे. तुझ्या दहाव्याला आपला कार्यकर्ता बंड्या मांडवामागे कोणाशी तरी कुजबुजला, "वहिनी गेल्या ते वाईटच, पण वॉर्ड आपला झाला." मी त्याला झापलं का? नाही. मनात गल्लीगल्लीतली मतं मोजत बसलो. हे तुला सांगायलाच हवं.

मग उल्हासनगरहून बॅनरवाल्याचा फोन. "भाऊ, तुमचा हात जोडलेला फोटो मोठा घेतलाय, भाभीचा वरती गोलात. सब ऐसाच करते है." मी म्हणालो, चालेल. स्टेशनबाहेर तो शोकसभेचा बॅनर लागला, तेव्हा तुझ्या वर्गातली एक मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "अगं, यातलं वारलंय कोण?"

मी स्वतः शिडी लावून तो उतरवला. बंड्या खालून ओरडतोय, "भाऊ, तिकीट जाईल हां!"

तूही गोष्ट अर्धीच का ठेवलीस? भाषणानंतर सीझर घरी गेला असेल ना? तिच्याविना रिकाम्या झालेल्या घरात जेवला का? कोणाशी बोलला? मला आता तेवढंच ऐकायचंय, आणि सांगणारी तू नाहीस.

उद्या भाषण मी करणार नाही, तुझ्यावर तुझ्या शाळेतल्या बाई बोलतील. मी खाली, पोरांच्या रांगेत बसेन.

निवडणूक मात्र लढणार, खोटं कशाला बोलू? तिकीट मिळालं तर ठीक, नाहीतर अपक्ष. पण शब्द देतो, प्रचारात ज्या दारात कोणी तुझ्या आठवणीनं डोळे पुसेल, त्या दारात मत मागणार नाही. त्यांनी दिला तर चहा घेईन, तुझ्याबद्दल चार गोष्टी ऐकेन आणि मुकाट पुढच्या घरी जाईन.

तुझा,
दत्ता