औषधाची खोड

ती. आबा,
पुण्याहून सुकन्याचं डोकं तुमच्या पायांवर.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. आईचा गुडघा कसा हाय? काळी मेंढी अजून गाभण हाय न्हवं? तिला जंताचं औषध पाजू नका.

आबा, लई संताप झालाय. जंताच्या ज्या नव्या औषधावर मी हितं विद्यापीठात संशोधन करते, ते पाजलं की गाभण मेंढ्या गाभ टाकतात. मी तसं प्रबंधात लिहिलं. सर म्हणाले, "ते पान काढ. प्रयोगशाळा हे औषध बनवणाऱ्या कंपनीनं बांधून दिलीय. त्यांच्या परवानगीशिवाय काही छापायचं नाही, असा करार आहे."

मग विद्यापीठ तरी कशाला म्हणायचं? कंपनीचं दुकान म्हणा की!

सांगोल्याच्या बाजारात तुमी मेंढी विकताना आधी तिची खोड सांगता. गिऱ्हाईक माघारी गेलं तरी सांगता. हितं खोड झाकायला करार करतात.

मी पान काढलं न्हाय. पदवी लांबंल, कदाचित मिळणारबी न्हाय. आईला एवढ्यात सांगू नका.

त्या औषधाची हिरव्या झाकणाची बाटली आता दुकानात आलीय. रविवारी बाजारात सगळ्यांना मोठ्यानं सांगा, गाभण मेंढीला ती पाजू नका. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर माझं नाव घ्या. पुरं नाव घ्या.

तुमचीच,
सुकन्या