पारोळ्याचा रविवारचा धूर

८ डिसेंबर, सोमवार

पुन्हा! काल दुपारी बारा ते तीन पारोळ्याच्या यंत्राने हवेतले कण नेहमीच्या सातपट मोजले. सलग चौथा रविवार. बाकीचे सहा दिवस यंत्र शहाण्यासारखं वागतं. माझं मॉडेल म्हणतं, असं काही व्हायलाच नको. दोघांचं भांडण आणि मी पंच!

मॉडेल म्हणजे संगणकात बसवलेला खानदेश. नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन, त्यात वारा, धूळ, धूर आणि वर ढग. धुराचे कण वाढले की ढगातलं तेच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब बारीक राहतात, खाली पडायचं नाव घेत नाहीत. पीएचडीनंतरही मी हेच करत बसलेय. संस्था पुण्यात, मी जळगावात मेहरूणला घरी, आणि यंत्र पारोळ्याजवळ कौतिक नानांच्या शेतातल्या घराच्या गच्चीवर.

अब्बा म्हणतात, हवा मोजायला एवढं शिकावं लागतं का? स्वतःचं गाद्या-रजयांचं दुकान! तिथे एक श्वास घेतला की महिन्याभराचे कण छातीत. त्यांच्याशी करार झालाय: जानेवारीअखेर माझ्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही तर मी इथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला जायचं. सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय म्हणे.

१० डिसेंबर

पुण्याच्या प्रेमराज सरांना आलेख दाखवला. धुराच्या रविवारांनंतरच्या चारपैकी दोन सोमवारी पारोळ्यावर ढग होते, आणि उपग्रह म्हणतो थेंब बारीक. सर खुर्चीतून उठलेच. धूर लांबून, घाट ओलांडून येत असणार म्हणाले. "नौशीन, हे मोठं आहे." मुदतवाढीचं सादरीकरण तीस जानेवारीला, आणि ते यावरच करायचं!

दिवसभर घरात मिरवत होते. कोणी विचारलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अब्बा सकाळीच कापूस बघायला गेले. हल्ली दर रविवारी जातात. संध्याकाळी म्हणाले भूक नाही. अम्मीने त्यांना सुनावलं. मला कापसाचं काय! मला बारा वाजता कण हवे होते. आले!

२२ डिसेंबर

सहावा रविवारही आला. तरी खात्री केलेली बरी म्हणून नानांना फोन केला. जवळपास कचरा, पाचट, काही जाळता का? नाना म्हणाले, "काहीच जाळत नही पोरी." त्यांच्या रजिस्टरमध्येही रोज एकच ओळ: यंत्र चालू, हवा चांगली. माणूस सज्जन. सादरीकरणाला नाव दिलं: 'रविवारचा धूर'.

४ जानेवारी, रविवार

सकाळी अब्बांना सांगितलं, पारोळ्याला जाते, बाराच्या आत पोहोचायचंय. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. थंडीत रजयांना गिऱ्हाईक आहे, आज दुकानातच थांबतो म्हणाले.

नानांना न कळवता एसटीने गेले. फाट्यापासून चालत. लांबूनच धूर दिसला. तो घाटबिट ओलांडून येत नव्हता. नानांच्या अंगणातून येत होता!

गच्चीच्या बरोबर खाली, वाऱ्याच्या बाजूला, कपाशीच्या काड्यांचा जाळ. त्यात वीसेक वांगी. भोवती अमळनेरचे सोयरे मांडी घालून बसलेले. नानांची सून सारिका मिरच्या भाजत होती. आणि वर माझं बिचारं यंत्र, खोकत असणार.

मी म्हटलं, नाना, तुम्ही तर म्हणालात काही जाळत नाही! नाना खरोखर चकित झाले. भरीत भाजणं म्हणजे जाळणं थोडंच?

चूक माझीच. खानदेशात जन्मून हा प्रश्न मी 'भरीत करता का' असा विचारायला हवा होता!

दर रविवारीच का, विचारलं. नाना म्हणाले, "लोके मशीन देखाले येतस. पाव्हनास्ले उपाशी धाडू का?" कुठले लोक? नाना एकदम वांगी उलटायला लागले. हे सोयरे मात्र आता सवय लागली म्हणून आलेत, असं सारिका म्हणाली.

रागावायचं ठरवलं होतं. मग ताट समोर आलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. दोनदा घेतलं. पुरावा म्हणून.

५ जानेवारी

कोणालाच माहीत नाही. सर खूश आहेत. गप्प बसले तर मुदतवाढ नक्की. सांगितलं तर ज्युनियर कॉलेज. अब्बांना तरी काय सांगू? वर्षाचं काम वांग्यांनी खाल्लं?

६ जानेवारी

तीनदा सरांचा नंबर लावला, तीनदा कापला. भित्री!

७ जानेवारी

सांगितलं. सरांनी आधी एकच विचारलं: भरीत कसं होतं?

मग कामाचं बोलले. ज्या दिवशी जाळ पेटला ते सगळे दिवस काढून टाक. ढगांचे दोन सोमवार हा योगायोग समज. उरेल तेवढंच मांड, समिती काय म्हणेल ते म्हणेल. आवाज थकलेला होता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आठवलं. यंत्र बसवताना मीच नानांना बजावलं होतं: जो कोणी यंत्राजवळ येईल त्याचं नाव, गाव, कारण वेगळ्या वहीत लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलंय! पाहुणे आले ते दिवस म्हणजेच जाळाचे दिवस. सारिकाने फोनवर तारखा वाचून दाखवल्या. नावं वाचू का म्हणाली. नको म्हटलं, तारखा पुरेत.

३० जानेवारी

मुदतवाढ! एक वर्ष!

शेवटचं चित्र वांग्यांच्या जाळाचं लावलं. समिती हसली. मग त्यातल्या एक बाई म्हणाल्या, हिवाळ्यात सगळ्या खानदेशात अशी किती अंगणं पेटत असतील? तुमच्या मॉडेलला हे माहीत आहे का? नाही! पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, हा जाळ मॉडेलच्या यादीतच नाही. वर्षभर आता तेच मोजायचं. अट एकच: यंत्र साक्रीच्या पलीकडे, जंगलातल्या गावी हलवायचं. तिथे बघायला कोणी फिरकणार नाही.

अब्बांना सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि दुकानात गेले. बस, एवढंच!

२ फेब्रुवारी

यंत्र उतरवून आणलं. सोबत नानांची वही. आत्ता उघडली.

चार जानेवारी सोडला तर प्रत्येक रविवारी पहिलं नाव एकच. रजईच्या पावत्यांवरचं ते तिरकं अक्षर. 'हारुन पिंजारी, जळगाव. येण्याचं कारण: मुलीचं मशीन दाखवणे.' खाली त्या-त्या रविवारी आणलेल्या लोकांच्या सह्या. शेजारी, गिऱ्हाइकं, आमचे डॉक्टर. एका रविवारी तर ज्युनियर कॉलेजचे सेक्रेटरी!

रडले. मग हसले. मग अम्मीने जेवायला हाक मारली.

जेवताना सहज विचारलं, अब्बा, साक्रीकडे कापूस कसा असतो?

ताटातून वर न बघता म्हणाले, "रविवारी बघून येतो."