अण्णांचं पुस्तक

९ जानेवारी २०२५, गुरुवार

दोनशे चौदा जण हजर! आणि तोंड एकाचंही दिसलं नाही. दीड तास मी काळ्या चौकोनांना शिकवत होते – विद्यापीठाचं ग्रंथालय घरबसल्या कसं वापरायचं, पुस्तक कसं शोधायचं, संदर्भ कसा लिहायचा. पहिली वीस मिनिटं तर दारवानकीतच गेली. एकेकाला वेटिंगमधून आत घ्यायचं. नावं तरी काय एकेक – 'पप्पांचा फोन', 'किंग ऑफ वैजापूर', 'नोमान मोबाईल शॉपी'. शेवटी सुनावलं, पूर्ण नाव आणि रोल नंबर लावा, नाहीतर दार उघडणार नाही. नियम म्हणजे नियम.

'नोमान मोबाईल शॉपी' तेवढी बोलली. "मॅडम, फोन भावाचा हाय. नाव बदललं तर त्याच्या गिऱ्हाइकांचा घोळ व्हतो. ऱ्हाऊ द्या ना तसंच." जहांआरा शेख, राहणार कन्नड, एम. ए. समाजशास्त्र, ऑनलाइन. म्हटलं, बरं, तुला आता ओळखते. प्रश्न विचारणारी ती एकटीच, आणि प्रश्नही धड. बाकीचे हजेरीसाठी आलेले.

संदर्भाच्या पानावर यंदाही अण्णांचं पुस्तक. मागच्या वर्षी नमुना हवा होता, वेळ नव्हता, म्हणून मनानंच लिहिलं – गवळी, पुंडलिक (१९९८). आठवडी बाजार आणि कष्टकरी स्त्रिया. मनकर्णा प्रकाशन, औरंगपुरा. अण्णा, माझे वडील, एसटीत कंडक्टर. कन्नडच्या लाइनीवरच्या सगळ्या बाजारांच्या नोंदी वहीत करायचे, 'यातून पुस्तक काढणार' म्हणायचे. काढलं नाही. मग मी काढलं, आणि प्रकाशक केलं आईला! सांगितलंच सगळ्यांना – हे पुस्तक जगात कुठंही नाही, फक्त लिहायची पद्धत बघा. कुणी हसलं की नाही देव जाणे. सगळ्यांचे माईक बंद.

पीडीएफ संकेतस्थळावर टाकली. रेकॉर्डिंग ठेवायला म्हणे जागा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जहांआरा शेखचा चौथा मेल. घरून लॉगिन करायचा पासवर्ड अजून मिळाला नाही, एकही पुस्तक उघडत नाही. संगणक विभागाला तीनदा कळवलं, ते म्हणतात यादीच आलेली नाही. यादी परीक्षा विभागाकडे, परीक्षा विभाग म्हणतो ग्रंथालयाकडे. मी तरी काय करू? 'आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे' हे ठरलेलं उत्तर पाठवून दिलं. चौथ्यांदा तेच.

तिनं लिहिलंय – बारा वर्षांनी परत शिकायला लागले आहे, मुलगी चौथीत आहे, आम्ही दोघी भावाकडे राहतो. जूनपासून कन्नडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला घेणार आहेत, पण निकाल हातात असला तरच. हे सगळं मला कशाला सांगायचं? मेल वाचून उगाच अपराधी वाटलं आणि त्याचा रागही आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याची नोकरी गेली. सोमनाथला चिकलठाण्याच्या कंपनीनं कायमचं घरी बसवलं. आल्या आल्या डबा धुऊन ठेवला, म्हणाला, "आता हा लागायचा नाही." माझी नेमणूक अकरा महिन्यांची. तीस एप्रिलला संपते.

७ एप्रिल, सोमवार

लघुप्रबंध तपासणी सुरू. सत्तर लघुप्रबंध, हजारावर संदर्भ. वाचायला वेळ कुणाला? पुस्तकांच्या नावांचा रकाना जसाच्या तसा उचलायचा, तपासणीच्या यंत्रात टाकायचा. जे कुठंच सापडत नाही ते लाल होतं. लाल यादी चौकशी समितीकडे. हल्ली पोरं एआयच्या यंत्राकडूनच खोट्या पुस्तकांची नावं लिहून घेतात, म्हणून वरून कडक आदेश आहेत. नऊ जण सापडले. ग्रंथपाल दांडगे सर खूश. "मंजुषा मॅडम, तुमचा डोळा म्हणजे गाळणी आहे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

९ एप्रिल, बुधवार

नोटिसांवर आज माझी सही. पूर्ण संदर्भ टाइप होऊन आले होते. सहावी नोटीस – शेख जहांआरा. अस्तित्वात नसलेला संदर्भ – गवळी, पुंडलिक (१९९८).

अण्णा! सरकारी कागदावर, जाड अक्षरात, बनावट म्हणून.

कपाटाशी जाऊन उगाच फायली चाळत राहिले. तिच्या यादीत पंधरा संदर्भ. चौदा खरे, सगळे कन्नडच्या वाचनालयातले. पंधरा हवेतच हा नियम, चौदाच मिळाले, आणि आमच्या ग्रंथालयाचं दार तिला उघडलंच नाही. मग मॅडमच्या पीडीएफमध्ये नेमकं बाजारावरचं पुस्तक दिसलं, ते लिहिलं. पीडीएफ उघडून पाहिली – 'हे पुस्तक नाही' असं कुठंही छापलेलं नाही. ते मी फक्त बोलले होते! त्या दिवशी तिचं नेट मध्येच गेलं होतं, हजेरीत तशी नोंद आहे.

सही केली. नऊच्या नऊ.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. पीडीएफमध्ये त्या ओळीखाली लाल अक्षरात 'काल्पनिक उदाहरण' टाकलं, नवी चढवली, जुनी काढून टाकली. यात वाईट काय? चूक दिसली, दुरुस्त केली. पुढच्यांना त्रास नको.



११ एप्रिल, शुक्रवार

दांडगे सरांना सांगितलं. अर्धंच – की नमुन्यातलं नाव एका मुलीनं खरं समजून घेतलंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "न वाचता संदर्भ दिला ना तिनं? मग झालं." मी म्हटलं, तिचं वर्ष जाईल. "आणि तुमचं काय जाईल? तीस तारीख जवळ आली, मॅडम. ग्रंथालयानंच खोटं पुस्तक शिकवलं असं वर कळलं तर मी कुणाच्या तोंडानं तुमची शिफारस करू?" आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला.

न वाचता दिला हे खरंच आहे. तिनं तसं करायला नको होतं. हे वाक्य मी आज दहा वेळा मनात म्हटलं असेल.

तिचा लघुप्रबंध घरी आणून वाचला. कन्नडच्या सोमवारच्या बाजारातल्या बायका. चतुराबाई म्हणून एक कोथिंबीर विकणारी आहे – कोपऱ्यातल्या हक्काच्या जागेसाठी पहाटे येऊन गोणपाट टाकते आणि त्यावर स्वतःच्या चपला ठेवून अनवाणी बाजारभर फिरते. चपला दिसल्या की जागा कुणी घेत नाही. बत्तीस बायकांशी बोललीय ही मुलगी, सहा महिने, दर सोमवारी. अण्णांच्या वहीत असंच असायचं. नाही, हे त्याहून चांगलं आहे.

आणि हिला आम्ही लबाड ठरवणार.

१५ एप्रिल, मंगळवार

जहांआराचा फोन. ऑफिसच्याच नंबरवर. रडत नव्हती. रडली असती तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, मी काय खोटं केलं नाय. तुमच्या पीडीएफमधून घेतलं. मला वाटलं, मॅडमनं दिलं म्हंजी असंलच. आता संकेतस्थळावर बघते तर त्याच्याखाली लाल अक्षरात दुसरंच लिवलंय. माझ्या फोनात जुनी हाय ना पण."

जुनी हाय ना पण!

"गुरुवारी सुनावणी हाय म्हणे, ऑनलाइन. तेव्हा दाखवते मी. तुम्ही फक्त व्हय म्हणा मॅडम, की ही तुमचीच हाय. बास. तुम्ही म्हटलं की झालं." मागं कुठंतरी मुलीचा आवाज. "लाइबा, चूप बैठ, मॅडम है," असं तिला म्हणाली.

मी म्हटलं, हो. बोलेन. नक्की.

आणि खरंच ठरवलं. सोमनाथलाही सांगितलं. तो म्हणाला, "बोल. बघू पुढचं पुढं." इतक्या वर्षांत त्याचा एवढा आधार कधी वाटला नव्हता. निवेदन लिहून काढलं, एक पान – संबंधित संदर्भ माझ्या अध्यापन साहित्यातील असून चूक माझी आहे. खाली सही.

१६ एप्रिल

उद्या. निवेदन फाइलीत ठेवलं.

१७ एप्रिल, गुरुवार

सुनावणी आमच्या खोलीतूनच झाली. विभागाच्या खात्यावर चाळीस मिनिटांत मीटिंग तुटते, ग्रंथालयाच्या खात्यावर तुटत नाही. म्हणून होस्ट मी. समितीचे तिघं टेबलापलीकडं, भिंतीवरच्या पडद्यावर मुलं, माझ्यासमोर लॅपटॉप. दांडगे सर शेजारी.

आधीचे पाच जण एकेक करून झाले. एकानं यंत्राकडून लिहून घेतल्याचं कबूल केलं, एकाची आई मध्येच हात जोडून पडद्यावर आली. मग शेख जहांआरा. अध्यक्षांनी नाव पुकारलं. ती नव्हती. दहा मिनिटं थांबलो. दांडगे सर घड्याळाकडं बघत होते. निवेदन माझ्या फाइलीत होतं, घडी घातलेलं. पण जिच्यासाठी बोलायचं तीच आली नाही तर काय बोलणार? समितीनं कागदांवरून निर्णय घेतला – लघुप्रबंध रद्द, निकाल रोखला, एक वर्ष परीक्षेला बंदी. पुढचं नाव.

मी तयार होते. हे लिहून ठेवते. मी तयार होते, तीच आली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

कन्नडच्या नंबरवरून अकरा फोन. उचलले नाहीत. निर्णय झालाय, आता मी काय सांगणार? समितीचा आदेश फिरवायचा अधिकार मला नाही. हे कुणीही मान्य करील.

२८ एप्रिल, सोमवार

नेमणूक झाली. अकरा महिने. दांडगे सरांनी स्वतः आणून दिला कागद. सोमनाथनं पेढे आणले. "बोललीस तरी ठेवलं ना तुला! मी म्हणत होतो." मी त्याला खरं सांगितलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी काउंटरला एक माणूस. पंचेचाळिशीचा, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर. "मंजुषा मॅडम कोन हाय?" कन्नडहून एसटीनं आला होता. नोमान शेख. जहांआराचा भाऊ.

वाटलं, आता आरडाओरडा करील. सगळ्यांसमोर. करायलाच हवा होता.

त्यानं पिशवीतून लघुप्रबंधाची बांधलेली प्रत काढली. "घरात ठेवून काय करायचं? बघितलं की तिला तरास व्हतो. लायब्ररीत ठेवता आलं तर ठेवा." मी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "त्या दिवशी सकाळपासून फोन फुल्ल चार्ज करून बसली होती मॅडम. आवाज नको म्हणून मी शटर अर्धं खाली घेतलं. रोल नंबरबी कागदावर लिहून समोर ठेवला होता. पर नुसतं 'थांबा, थांबा' दाखवत ऱ्हायलं. आमच्याच नेटनं घात केला. तुमची काय गलती? तुम्ही तर बोलनार होते, सांगितलं तिनं."

कॉलेजनं जागा दुसऱ्या कुणाला दिली. ती आता पुस्तकाला हात लावत नाही. म्हणते, माझ्यातच कमी हाय, मला जमण्यासारखं नव्हतंच.

तो गेल्यावर प्रत उघडली. ऋणनिर्देशात भाऊ, मुलगी, चतुराबाई. आणि शेवटची ओळ – 'ग्रंथालयाच्या मंजुषा मॅडम यांनी मला माझ्या फोनच्या नावानेही ओळखले, त्यांची मी आभारी आहे.'

३० एप्रिल, बुधवार

नेट गेलं नव्हतं. 'तीच आली नाही' हे इथंही मी खोटंच लिहिलं.

फक्त माझ्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात नाव होतं, सुनावणी सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत – नोमान मोबाईल शॉपी. शेजारी 'आत घ्या'चं बटण. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, "वेटिंगमध्ये कुणी आहे का, मॅडम?"

दोन्ही वेळा मी म्हटलं, "नाही सर."