लॉस एंजेलिसला न पोचलेला निरोप

९ ऑक्टोबर १९७३, केंब्रिज

आज संगणकावर ओरिनचे तीन निरोप. पहिला कामाचा – देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या त्याच्या संगणकावरून पाठवलेली फाइल आमच्याकडे अर्धीच का उतरली. बाकीचे दोन उगाच. तिकडे गरम वारा सुटलाय, चिडचिड होते, तुझ्याशी बोललं की बरं वाटतं.

‘बोललं की.’ ती ओळ कितीदा वाचली!

लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून माझ्याशी कुणी असं सहज बोललंच नाही. ओठ वाचते मी. पण लोक तोंड फिरवून बोलतात, नाहीतर ओरडतात. संगणकाच्या या टपालात कुणी ओरडत नाही. कधी न भेटलेल्या ओरिनला तर हे माहीतच नाही.

१५ ऑक्टोबर

निरोप आला की तो छापणारं यंत्र खडखडतं म्हणे. मला टेबलाची थरथर कोपरात कळते. आज कोपर उचललं नाही. काही नाही.

१६ ऑक्टोबर

आला. ‘फोन नंबर दे. एकदा तुझा आवाज ऐकायचाय.’

लिहिलं – घरी फोन नाही. खोटं. जिन्याखालीच आहे.

१८ ऑक्टोबर

सूप वाढताना घरमालकीणबाई, मिसेस पेल्टियर, मुद्दाम माझ्या समोर आल्या. “अगं पोरी, सांगून टाक ना त्याला. पळाला तर पळाला. वाट बघणं तरी संपेल.”

वाट बघणं संपायला नकोय मला. हे त्यांना कसं सांगू?

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

पाठवलं. ‘ओरिन, मला ऐकू येत नाही. बोलते, पण लोकांना माझा आवाज विचित्र वाटतो. फोन नको. लिहीत राहा.’

२३ ऑक्टोबर

काही नाही.

२४ ऑक्टोबर

आमचे साहेब, होइट, म्हणाले, “तुला कुणी सांगितलं नाही? शुक्रवारपासून तिकडचा संगणक बंद आहे. त्यांचं सगळं टपाल आपल्याच संगणकात पडून आहे.”

म्हणजे त्याने वाचलेलंच नाही! आधी हायसं वाटलं. मग सुचलं – पुसून टाकता येईल. कुणाला कळणार नाही. पुन्हा वारा, फाइली, गप्पा.

पुसायची आज्ञा टाइपही केली. शेवटची कळ तेवढी दाबायची राहिली.

मग रद्द केली. मला तो हवाय. पण मी कशी आहे ते माहीत असलेला.

२६ ऑक्टोबर

होइटनी खांद्याला हात लावला. वळले तर मागे एक उंच माणूस, हातात टेपची जड पेटी. तिकडचं यंत्र इतक्यात सुरू होत नाही, म्हणून त्याला इथे कामाला पाठवलंय. मघापासून मला हाका मारत होता म्हणे. त्याचे ओठ हलले – “अ‍ॅडलीन? मी ओरिन.”

माझा निरोप अजून संगणकातच. ऐकू येत नाही, हे मी तोंडानेच सांगितलं. त्याला कळलं नाही. परत सांगितलं.

त्याने पेटी खाली ठेवली, खुर्ची ओढली, आणि उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर बसला.